राघोबादादा की थोरले माधवराव: सेनापती म्हणून कोण सरस? (आळेगाव ते धोडप)

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी,

पानिपतावर आपल्याकडे चिक्कार चर्चा होते, भाऊसाहेब आणि अब्दाली यांची तुलना तर दर जानेवारीत होतेच. पण पानिपताला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा मराठे मराठ्यांशीच लढले, आणि त्या यादवीतली मोठी लढाई आपल्या नाशिक जिल्ह्यात, धोडपच्या पायथ्याशी झाली. त्यावर कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. २३ जून १७६१ ला नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, तेव्हा जेमतेम सत्ताविशीचे, पण अनुभव केवढा, १७५७ ला दिल्ली, १७५८ ला लाहोर, तिथून मराठी फौजा अटकेपर्यंत गेलेल्या. कारभार कुणी बघायचा यावरून बिनसलं. नोव्हेंबर १७६२ मध्ये आधी घोडनदीला आणि मग पाचच दिवसांनी भीमेकाठी आळेगावला दोघांच्या फौजा भिडल्या, दादांच्या बाजूनं हैदराबादचा निजाम अली उभा राहिला, माधवराव हरले आणि स्वतः होऊन काकांच्या छावणीत गेले. सहा वर्षांत सगळं फिरलं. १० जून १७६८ ला धोडपला दादा हरले, गडावर पळाले आणि शेवटी पुतण्याच्या हवाली झाले.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तलवारबाजी, धाडस, मैदानावरची हिंमत यात दादा कमी नव्हते. पण वेळ आपल्या बाजूनं आहे की समोरच्याच्या, हे माधवरावांना दर वेळी कळलं आणि दादांना कधीच कळलं नाही. यादवीत तर हाच गुण सगळ्यात मोठा, कारण इथं समोरची फौज परकी नसते, ती निम्मी कुंपणावर बसलेली असते आणि कोण जिंकतंय ते बघत असते.

पटतंय का बघा, नसेल पटत तर का नाही तेही सविस्तर लिहा.

सटाणेकर

धागा भारी काढलात, पण दादांवर इथंही अन्याय होणार असं दिसतंय भो. कादंबऱ्या आणि सिरियल बघून त्यांची जी प्रतिमा झालीय ती बाजूला ठेवून जरा बघूया.

एक तर आळेगाव. माधवरावांची फौज गोपाळराव पटवर्धनांसारख्या कसलेल्या सरदारांची होती, ती काय लेचीपेची नव्हती. दादांनी घोडनदीला रेटलं आणि मग थांबले नाहीत, समोरच्याला सावरायला उसंतच दिली नाही, पाच दिवसांत निकाल लावला. याला काय म्हणणार मग? वेळेचं भान नसलेला माणूस असं करतो का?

दुसरं, कासेगाव. माधवरावांमागून पेशवे झालेल्या त्यांच्या धाकट्या भावाच्या, नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या फौजा दादांच्या मागं लागल्या होत्या, त्रिंबकराव मामा पेठे पुढं होते, हरिपंत फडके मागून येत होते. दोघं एकत्र आले असते तर दादा तिथंच संपले असते. २६ मार्च १७७४ ला पंढरपूरजवळ कासेगावला दादा उलटे फिरले आणि हरिपंत पोचायच्या आत मामांवर तुटून पडले. मामा जखमी होऊन हाती लागले आणि त्यातच गेले. पाठलाग होत असताना वळून मारणं आणि तेही दोन फौजांच्या मधल्या फटीत, हे कुठल्याही काळातल्या चांगल्या सेनापतीचं काम आहे.

माणूस म्हणून दादा कसे होते हा वेगळा विषय. सेनापती म्हणून मी त्यांना वरचा नंबर देईन.

मी_कळवणची

माझं माहेर कळवण तालुक्यात, त्यामुळे धोडप लहानपणापासून अंगणातून बघितलेला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, सातमाळेच्या रांगेत सप्तशृंगीकडून पूर्वेला बघत गेलं की एक डोंगर सगळ्यांत वेगळा दिसतो, माथ्यावर उभी कातळाची भिंत आणि त्या भिंतीला मधेच चौकोनी खाच. तोच धोडप. शेजारी इखाऱ्याचा सुळका.

हट्टीकडून चढलात की आधी माची लागते, सोनारवाडीची, तिथं जुनी बांधकामं, पाण्याची सोय, आणि भरपूर सपाट जागा. मग वर बालेकिल्ला, त्याची वाट कातळात खोदलेल्या पायऱ्यांची, अरुंद, दरवाजावर फारसी शिलालेख. पायऱ्यांवर उभं राहून खाली बघितलं ना की एक गोष्ट लगेच लक्षात येते, खालून वर येणं जितकं अवघड तितकंच वरून गुपचूप खाली उतरणंही अवघड. माची एकदा शत्रूच्या हातात गेली की वरचा माणूस सुरक्षित पण अडकलेला. दादा वर गेले त्या दिवशी लढाई तशीच संपली होती, बाकी राहिली ती फक्त बोलणी, असं मला तरी वाटतं.

नकाशेवाला

कळवणच्या ताईंनी गड छान उभा केलाय, त्याला धरून थोडं नकाशावर बोलतो, कारण दादांनी जमवाजमवीसाठी धोडपच का निवडला यातच अर्धं उत्तर आहे.

दादांना तीन ठिकाणाहून मदत हवी होती. गुजरातेतून गायकवाड, दमाजींचा मुलगा गोविंदराव फौज घेऊन आलाही. होळकरांकडून गंगाधर यशवंत चंद्रचूड. आणि नागपूरहून जानोजी भोसले. आता मॅप उघडा. सातमाळेच्या उत्तरेला बागलाण, तिथून सुरतेची आणि गुजरातेची वाट. पूर्वेला चांदवड, होळकरांचं ठाणं, तिथून खानदेशात उतरून बुऱ्हाणपूर, माळवा. नागपूरकरांनाही खानदेशातूनच यायचं. म्हणजे सगळ्या वाटा जिथं गोळा होतात तिथंच दादा जाऊन बसले. जागा निवडण्यात काहीही चूक नव्हती, उलट फार विचार करून निवडलेली जागा आहे ती. पाठीशी गड, समोर मोकळा मुलूख आणि नाशिकजवळचं स्वतःचं राहतं ठिकाण आनंदवल्ली एका दिवसाच्या घोडदौडीवर.

चूक झाली ती थांबण्यात. दादांजवळ पंधरा हजारांच्या आसपास माणूस जमला होता, पण त्यांचा सगळा बेत जानोजी येण्यावर टांगलेला. आणि तारीख बघा, १० जून. मराठी फौजांचा रिवाज काय, दसऱ्याला निघायचं आणि पावसाच्या आधी छावणीला परतायचं. मृगाच्या तोंडावर कुणी मोहीम काढत नाही. दादांनी बहुतेक हाच हिशोब केला असणार की आता पावसाळा आला, पुतण्या काय येत नाही, चार महिने मिळाले, तोवर जानोजी येतील. आणि माधवराव नेमके त्याच वेळी पुण्याहून तडक येऊन धडकले. जानोजी नागपूरकडेच राहिले.

म्हणजे सटाणेकर म्हणतात ते कासेगावचं तंत्र, दोन फौजा एक व्हायच्या आत एकीला गाठायचं, ते माधवरावांनी सहा वर्षं आधी खुद्द दादांवरच वापरलं होतं. कदाचित दादा ते तिथंच शिकले असतील.

पंचवटीतले_आजोबा

सर्वांचे प्रतिसाद वाचले, आनंद वाटला. मी जरा लढाईच्या बाहेरचं बोलतो, कारण माझ्या मते आळेगावची लढाई दादांनी मैदानात जिंकली आणि पुढच्या तीन महिन्यांत हरली.

जिंकल्यावर दादांनी काय केलं? निजामाच्या मदतीची किंमत म्हणून १७६० ला उदगीरला भाऊसाहेबांनी मिळवलेला बराच मुलूख आणि दौलताबादचा किल्ला परत द्यायचं कबूल केलं. प्रतिनिधीपद भवानरावांकडून काढलं आणि स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या नावावर केलं, मुतालिकी, म्हणजे त्या पदाचा प्रत्यक्ष कारभार, दिली नारोशंकर राजेबहादूरांना, म्हणजे आपल्या रामकुंडापाशी ज्यांचं देऊळ आणि घंटा आहे तेच. मग मिरजेवर चालून गेले, गोपाळराव पटवर्धनांचं ठाणं घेतलं. म्हणजे हरलेल्या बाजूचा जो जो माणूस कामाचा होता त्याला पळवून लावलं. पटवर्धन आणि प्रतिनिधी दोघंही निजामाला जाऊन मिळाले. ज्या निजामाच्या जोरावर जिंकले तोच निजाम १७६३ मध्ये पुण्यावर आला आणि पुणं लुटलं, जाळलं.

आणि मग कोण उभं राहिलं दादांच्या पाठीशी? नजरकैदेत ठेवलेला पुतण्या. १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. गोदावरी पुरानं फुगलेली, निजाम स्वतः उत्तर तीराला उतरून गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह दक्षिण काठावर राहिलेला. मराठे तिथं तुटून पडले. ऐन गर्दीत दादांचा हत्ती शत्रूनं घेरला होता आणि माधवरावांनी घुसून काकांना सोडवलं. विठ्ठल सुंदर पडला. अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला वर्षभर हुकूम चालवू दिला नव्हता, त्याच्याकडे त्या दिवसापासून सरदार पेशवा म्हणून बघायला लागले.

आळेगावला माधवराव शरण गेले याला भित्रेपणा म्हणणारे लोक मला भेटतात. मला ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चाल वाटते. लढत राहिले असते तर निजाम बसून दोघांना खात राहिला असता. स्वतःचा मान गेला तरी फौज वाचली, आणि तीच फौज नऊ महिन्यांनी राक्षसभुवनाला कामाला आली.

सटाणेकर

आजोबा, राक्षसभुवनाबद्दल वाद नाही. पण विठ्ठल सुंदर काठावर एकटा सापडला आहे, आत्ताच मारायचं, यात दादाही होतेच ना तिथं? हत्तीवर बसून गर्दीत घुसणारा माणूस छावणीत बसून नव्हता. मैदानात दादा पुढं असायचे, हा माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

देवळालीचा_फौजी

तोफखान्यात नोकरी झाली, आता देवळालीतच स्थायिक. आम्हाला कोर्समध्ये अमेरिकन यादवी, म्हणजे १८६१ ते १८६५ चं युद्ध, बारकाईनं शिकवायचे. हा धागा वाचताना सारखे ग्रँट आणि ली आठवत होते, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

रॉबर्ट ली म्हणजे दक्षिणेचा सेनापती, युलिसिस ग्रँट उत्तरेचा. दोघं एकाच अकादमीतले, वेस्ट पॉइंटचे, ली आपल्या वर्गात दुसरा, ग्रँट एकोणचाळीस जणांत एकविसावा, आणि दोघंही मेक्सिकोच्या युद्धात एकाच झेंड्याखाली लढलेले. म्हणजे इथंही घरातलंच भांडण.

मैदानावरची प्रतिभा म्हणाल तर ली. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला समोर त्याच्या दुपटीहून मोठी फौज होती, तरी त्यानं स्वतःची छोटी फौज तोडली, जॅक्सनला मोठ्या तुकडीनिशी जंगलातून वळसा घालून शत्रूच्या उघड्या बगलेवर पाठवलं आणि लढाई जिंकली. आजही शिकवतात. पण किंमत बघा, त्याच संध्याकाळी जॅक्सनला आपल्याच माणसांच्या गोळ्या लागल्या आणि आठ दिवसांनी तो गेला. आणि पुढं दोनच महिन्यांत गेटिसबर्गला, ३ जुलैला, त्याच आत्मविश्वासानं लीनं साडेबारा हजारांच्या आसपास माणसं उघड्या माळावरून समोरच्या टेकाडावर चालत पाठवली. तोफांपुढं. निम्मी परत आली नाहीत. मी तोफखान्याचा माणूस, त्या पाऊण मैलाच्या उघड्या माळाचा नकाशा बघितला तरी पोटात कालवतं. आपल्या तोफांनी समोरच्या तोफा बंद पाडल्यात की नाही याची खात्री नसताना पायदळ उघड्यावर सोडायचं नसतं.

आता ग्रँट. त्याच महिन्यांत तो मिसिसिपी नदीवर विक्सबर्गच्या मागं लागला होता. समोरून जमेना. मग एप्रिलमध्ये रात्री आपल्या बोटी विक्सबर्गच्या तोफांसमोरून खाली काढल्या, शहराच्या दक्षिणेला नदी ओलांडली आणि सरळ शहरावर न जाता आधी पूर्वेला जॅक्सन गावाकडे वळला. का? कारण तिथं जॉन्स्टन दुसरी फौज गोळा करत होता. ती आणि विक्सबर्गमधली पेम्बर्टनची फौज एक व्हायच्या आत हा मधे घुसला, एकीला हटवलं, मग दुसरीला फिरून गाठलं आणि तटबंदीत कोंडलं. ४ जुलै १८६३ ला पेम्बर्टन शरण आला. नकाशेवाले म्हणतात ते धोडपचं गणित हेच. जानोजी म्हणजे जॉन्स्टन, आणि तटामागं अडकलेले दादा म्हणजे पेम्बर्टन.

अजून एक. १८६४ च्या मे महिन्यात विल्डरनेसच्या जंगलात लीनं ग्रँटला जबर मार दिला. आधीचे सगळे उत्तरेचे सेनापती असा मार खाल्ला की नदीपलीकडे परत जायचे. ग्रँटनं फौज दक्षिणेला वळवली. चौकातून उजवीकडे वळतोय हे कळल्यावर मार खाल्लेल्या सैनिकांनी जल्लोष केला. कारण एकच, लीला वेळ हवा होता, नोव्हेंबरमध्ये उत्तरेत निवडणूक होती आणि लिंकन हरला की युद्ध थांबेल अशी दक्षिणेला आशा होती. तो वेळ ग्रँट देणार नव्हता. कोल्ड हार्बरला ३ जूनला त्यानं समोरून हल्ला करून हजारो माणसं वाया घालवली, ती चूकच, पण पंधरवड्यात सगळी फौज जेम्स नदी ओलांडून पीटर्सबर्गपाशी नेली आणि लीला खंदकात बसवलं. वेढा पडला की उरतो तो फक्त वेळेचा प्रश्न, हे लीला पक्कं माहीत होतं. साडेनऊ महिन्यांनी तेच झालं.

त्यामुळे गोदाकाठच्या भाऊंच्या मूळ मुद्द्याला माझं अनुमोदन. फक्त राघोबादादांना लीच्या पंक्तीला बसवायला मी तयार नाही. लीची फौज शेवटच्या आठवड्यात उपाशी असतानाही त्याच्यामागं चालत होती. दादांमागची माणसं कशासाठी होती, हे धोडपला एका दिवसात कळलं.

मी_कळवणची

फौजीदादा, फार सुंदर लिहिलंत. एक विचारायचं होतं. ९ एप्रिल १८६५ ला ली शरण आला तेव्हा ग्रँटनं सैनिकांना घरी जाऊ दिलं, नांगरणीसाठी घोडे नेऊ दिले, उपाशी फौजेला शिधा दिला, असं वाचलंय. माधवरावांनी धोडपनंतर दादांना शनिवारवाड्यात ठेवलं, तेही मानानं. पण त्या उदारपणाची फळं कुणी भोगली? नारायणरावांनी. ३० ऑगस्ट १७७३, त्याच वाड्यात. मग तो उदारपणा बरोबर होता का?

देवळालीचा_फौजी

ताई, प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच की ग्रँटनं लीची फौज मोडली होती, हत्यारं खाली ठेवून घेतली होती आणि मग माणसांना सोडलं. दक्षिणेचं राज्यच उरलं नव्हतं. दादांची फौज मोडली, पण दादांचा हक्क उरला होता, ते पेशव्यांच्या घरातले कर्ते पुरुष होते आणि माधवरावांना मूलबाळ नव्हतं. तो हक्क तलवारीनं काढता येणारा नव्हता.

पंचवटीतले_आजोबा

बरोबर, आणि माधवरावांनी त्याआधी दुसरा रस्ताही करून बघितला होता. १७६७ मध्ये ते स्वतः आनंदवल्लीला आले होते काकांना भेटायला. दादा तेव्हा उत्तरेतून गोहदच्या वेढ्यात अपयश घेऊन, कर्ज करून परतलेले. माधवरावांनी कर्जाचा भार उचलायची तयारी दाखवली, नेमणूक देऊ म्हणाले, पण अर्धी दौलत वाटून मागितली त्याला साफ नकार दिला. ग्रँट-लीसारखी दोन राज्यं होऊ द्यायची नाहीत ही त्यांची पहिली अट.

याच काठावर जरा वर, गंगापूरला, माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई राहत होत्या. कारभारात ढवळाढवळ नको म्हणून लेकानं आईलाही दूर ठेवलं होतं. एका बाजूला काका, एका बाजूला आई, दोघंही आपल्या नाशकात गोदेकाठी. आज गंगापूर रोडला रिक्षानं जायला काही मिनिटं लागतात एवढ्या अंतरात. काकाला शिक्षा आणि आईला सूट असं त्यांनी केलं नाही, म्हणून सरदारांचा त्यांच्या न्यायावर विश्वास बसला. फौजेचं नेतृत्व यातूनही होतं हो.

नकाशेवाला

आजोबांच्या या प्रतिसादाला शंभर टक्के. अजून एक जोडतो, धोडपनंतर माधवराव स्वस्थ बसले नाहीत. दादा कैदेत, आता जानोजीचं बघू, म्हणून लगेच नागपूरवर मोहीम. जानोजीनं समोर येऊन लढाई दिलीच नाही, हुलकावण्या देत उलट पुण्याकडेच सरकला, जुना गनिमी कावा. तरी २३ मार्च १७६९ ला कनकापूरला तह करावाच लागला. मदतीला येऊ शकणारा एकेक माणूस बाजूला करत गेले. दादांनी असं कधी केलं का?

सटाणेकर

दादांनी केलं नाही, हे मान्यच आहे, माझा दावा तो नव्हताच. पण मग १७७४ चं उत्तर द्या. कासेगावनंतर बारभाईंची अवस्था काय होती? मामा गेलेले, पुण्यात घबराट, पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा गंगाबाई गरोदर. मैदान मारण्याची कला ज्याला येते तोच अशी संधी निर्माण करतो, माधवरावांना सुद्धा इतक्या वाईट परिस्थितीत लढावं लागलं नव्हतं.

गोदाकाठचा

सटाणेकर भाऊ, तुमच्याच उदाहरणावर येतो, कारण माझ्या मते सगळा निकाल तिथंच लागतो.

कासेगाव झाल्यावर दादांपुढं मैदान मोकळं होतं. मार्चचा शेवट, पाऊस लांब, पुणं आणि पुरंदर आवाक्यात, गंगाबाईंना मूल व्हायचं होतं. त्यांनी पुरंदराला हात घातला असता तर बारभाईंकडे कुणाच्या नावानं लढायचं हाच प्रश्न उरला असता. दादांनी काय केलं? हरिपंत मागं आहेत म्हटल्यावर उत्तरेला वळले आणि बुऱ्हाणपूरकडे गेले, शिंदे-होळकर येऊन मिळतील या आशेवर. पुन्हा तेच, कुणीतरी येईल. तेवीसच दिवसांत, १८ एप्रिलला, पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंच्या हाती पेशवा आला. त्यानंतर दादांचा पक्ष म्हणजे नुसतं बंड.

आणि "कुणीतरी येईल" याचा शेवट कुठं झाला? मार्च १७७५ ला सुरतेत इंग्रजांशी तह, साष्टी आणि वसई देण्याची तयारी. १८ मे ला अडासला कर्नल कीटिंगच्या पलटणी दादांच्या बाजूनं आणि समोर हरिपंत फडके. आळेगावला निजाम, धोडपला जानोजी, अडासला इंग्रज. प्रत्येक वेळी दादांच्या फौजेचा कणा दुसऱ्याचा. कासेगावला एकदाच ते स्वतःच्या बळावर आणि स्वतःच्या वेळेवर लढले आणि तिथं खरोखर उत्तम लढले, हे मी मनापासून मानतो.

हरिपंतांवर मात्र कुणीच लिहिलं नाही अजून. अडासला इंग्रजी तोफांपुढं मराठी घोडदळानं कीटिंगच्या तुकड्यांना चांगलाच मार दिला होता, मैदान इंग्रजांकडे राहिलं तरी. फौजीदादा, तुमचा विषय आहे, त्यावर सविस्तर लिहा. घोडदळ आणि कवायती पायदळ समोरासमोर आल्यावर हरिपंतांनी बगल का निवडली असेल, हे तुमच्याकडून वाचायचंय.